थिओडोर कुक
थिओडोर कुक (१८३६ – ५ नोव्हेंबर १९१०) हे आयरिश अभियंता, पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची सविस्तर नोंद करणारा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील वनस्पतींच्या अभ्यासात तो आजही मूलभूत संदर्भ मानला जातो.

प्रारंभिक जीवन
कुक यांचा जन्म आयर्लंडमधील ट्रॅमोर येथे झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर ते १८६० मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत अभियंता म्हणून रुजू झाले. वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली.

पुण्यातील कार्य
१८६५ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले आणि १८९३ पर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्याच कारकिर्दीत या संस्थेचे रूपांतर कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले. तेथे अभियांत्रिकीबरोबर शेती व वनशास्त्रही शिकविले जाई. त्यासाठी स्थानिक वनस्पतींची ओळख आवश्यक होती आणि त्यातूनच कुक वनस्पतिशास्त्राकडे वळले. सहकाऱ्यांच्या व भारतीय साहाय्यकांच्या मदतीने महाविद्यालयात सुकविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह तयार झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण स्थापन झाल्यावर पश्चिम भारताच्या सर्वेक्षणाची जबाबदारी कुक यांच्यावर सोपविण्यात आली.

ग्रंथलेखन
त्यापूर्वी डाल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' (१८६१) उपलब्ध होता, परंतु तो संक्षिप्त होता. जोसेफ हूकर यांच्या ग्रंथात संपूर्ण ब्रिटिश भारताचा समावेश असल्याने एका प्रदेशाच्या अभ्यासकाला तो वापरणे अवघड जाई. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये परतलेल्या कुक यांनी क्यू येथील वनस्पतिसंग्रहाच्या आधारे ही उणीव भरून काढली. प्रत्येक जातीचे वर्णन, आढळस्थान, फुलण्याचा काळ आणि अनेक ठिकाणी देशी नावे त्यांनी नोंदविली. इलाख्यात सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख येत असे. ग्रंथाचे प्रकाशन सुरू झाले तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. तापी आणि सातपुडा यांमधील चोपडा तालुका त्यानंतर पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात राहिला.

कुमुदांचे वर्गीकरण
या ग्रंथाचे महत्त्व तळ्यांतील कुमुदांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बोलीभाषेत कमळ आणि कुमुद यांना सर्रास कमळच म्हटले जाते. कमळाचे पान छत्रीसारखे असून पाण्याच्या वर उचललेले असते, तर कुमुदाचे पान देठापाशी चिरलेले असून पाण्यावर तरंगते. कुक यांच्या काळच्या वर्गीकरणात निळे कुमुद निंफिया स्टेलाटा आणि पांढरे किंवा लालसर कुमुद निंफिया लोटस या नावांनी ओळखले जाई.

निळ्या कुमुदाची फुले दिवसा उमलतात आणि त्याच्या परागकोशांच्या टोकाला उपांग असते. पांढऱ्या कुमुदाची फुले सायंकाळनंतर उमलून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडी राहतात. त्याच्या परागकोशांना उपांग नसते, पानांच्या कडा दंतुर असतात आणि पानांच्या खालच्या बाजूस लव असते. दोहोंची फळे पाण्याखाली पिकतात आणि त्यांचे बी काही काळ तरंगत दूर जाते.

पुढील संशोधनात ही नावे बदलली. निळ्या जातीस आता निंफिया नौचाली म्हणतात. निंफिया लोटस हे नाव आफ्रिकेतील जातीपुरते मर्यादित झाले असून आशियातील पांढऱ्या जातीस निंफिया प्युबेसेन्स हे नाव मान्य आहे. कमळही आता कुमुदाच्या कुलात न ठेवता वेगळ्या कुलात ठेवले जाते. नावे कालबाह्य झाली तरी वर्णने आणि जपलेले नमुने यांमुळे जुन्या नोंदी आजच्या नावांशी जुळविता येतात.

मृत्यू व वारसा
कुक यांचे ५ नोव्हेंबर १९१० रोजी क्यू येथे निधन झाले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९५८ मध्ये त्यांच्या ग्रंथाचे तीन खंडांत पुनर्मुद्रण केले. पुढे जळगाव, तसेच धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाले. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे त्यांचा निर्देश 'टी. कुक' असा केला जातो.