शस्त्रांमागची राणी

दरवर्षी जून महिन्यात ग्वाल्हेरच्या फूलबागेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बलिदान मेळा भरतो. झाशीच्या किल्ल्यातून ज्योत येते, आणि एरवी महापालिकेच्या संग्रहालयात असणारी राणीसाहेबांची शस्त्रे लोकांच्या दर्शनासाठी मांडली जातात. मुलांना खांद्यावर घेऊन आलेली माणसे त्या तलवारीकडे व ढालीकडे हात जोडून पाहतात. त्या गर्दीत मीही अनेकदा उभा राहिलो आहे. तलवार पाहून मन भरून येते खरे. परंतु ती हाती घेण्यापूर्वी ज्या बाईने चार वर्षे लेखणीने लढत दिली, तिची ओळख तेथे होत नाही, हे मला नेहमी जाणवते.

मोरोपंत तांबे यांची ही कन्या काशीस जन्मली. नाव मणिकर्णिका. आई लवकर वारली आणि मूल ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाने वाढले. १८४२ साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली. १८५१ साली झालेला मुलगा अवघ्या काही महिन्यांत गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवरील गंगाधररावांनी आनंदराव या बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले, आणि लगेच त्यांचे देहावसान झाले.

डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली झाशी खालसा केली. येथून खरी लढाई सुरू झाली. राणीसाहेबांनी खलित्यांमागून खलिते धाडले. पूर्वीच्या तहांचा हवाला दिला, शेजारच्या संस्थानांत मान्य झालेल्या दत्तकांचे दाखले दिले, जॉन लँग या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. उपयोग झाला नाही. दरमहा ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन आणि शहरातील वाडा एवढेच हाती राहिले.

जून १८५७ मध्ये झाशीच्या शिपायांनी बंड केले व तेथील इंग्रजांची बायकामुलांसह कत्तल झाली. राणीसाहेबांचा तिच्याशी कितपत संबंध होता, यावर इतिहासकारांत वाद झाला आहे. पुढे सागरच्या कमिशनरानेच त्यांना कारभार सांभाळण्यास सांगितले, हे मात्र नोंदलेले आहे. त्यांनी तो सांभाळला, ओरछ्याची स्वारीही परतवली. तरीही मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या तोफा झाशीसमोर उभ्या राहिल्या.

त्या वेढ्याची हकीकत आपल्या भाषेत वाचावयास मिळते, हे आपले भाग्य. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. त्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे, घोड्यांची पारख असलेली राणी आहे, आणि शहर पडल्यावर लुटला गेलेला ग्रंथसंग्रहही आहे. किल्ल्यातील ‘कडक बिजली’ तोफ आज पाहता येते, गोलंदाज गुलाम गौस खानाची कबरही तेथेच आहे; त्या पोथ्या मात्र कोणत्याच संग्रहालयात येऊ शकल्या नाहीत.

३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. लहानग्या दामोदरास घेऊन राणीसाहेब काल्पीस गेल्या. मे महिन्यात काल्पीही पडली. मग रावसाहेब, तात्या टोपे आणि त्या, असे सारे ग्वाल्हेरवर आले. १ जून रोजी शिंद्यांची फौज त्यांना मिळाली व महाराज जयाजीराव आग्र्यास गेले. आम्हा ग्वाल्हेरकर मराठ्यांना हे पान नेहमीच अवघड वाटत आले आहे. दरबाराचे अन्न खाल्लेली घराणी समाधीवरही फुले वाहतात. यात विसंगती आहे, पण ती लपविण्याचे कारण नाही. इतिहास एका बाजूने उभा राहत नाही.

विजयाच्या समारंभांत दिवस गेले, आणि १७ जूनला कोटा-की-सराय येथे इंग्रज घोडदळाशी गाठ पडली. तेथेच राणीसाहेब पडल्या. गंगादासांच्या मठातील साधूंनी दहनाची व्यवस्था केली, अशी परंपरा आहे. २० जूनला किल्लाही गेला. पोरका दामोदरराव रानोमाळ भटकून पुढे इंदुरास आला व १९०६ साली तेथेच वारला. आईचे राज्य तर राहोच, पण तिचा मुलगा म्हणून ओळखही सरकारदरबारी त्याला नीट मिळाली नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मेळ्यात शस्त्रांशेजारी एक फळी त्या खलित्यांच्या नकलांसाठी ठेवावी. मूळ कागद सरकारी दप्तरांतून जतन झालेले आहेत. एका संध्याकाळी ‘माझा प्रवास’मधील वेढ्याचे प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि हिंदी बांधवांसाठी त्याचा अर्थही सांगावा. आपल्या घरांतून मराठी वाचणारी माणसे अजून आहेत. तलवारीला हात जोडणाऱ्या मुलाला हेही कळावे की त्या बाईने आधी न्याय मागितला होता, आणि तो नाकारल्यावरच तलवार उपसली होती.