वेण्णेच्या डोहातील छत्री : शंकर पुरुषोत्तम आघारकर

आपली भीमा ज्या कृष्णेला जाऊन मिळते, त्या कृष्णेला साताऱ्याजवळ माहुली येथे वेण्णा नावाची एक लहान नदी मिळते. या वेण्णेच्या पात्रात, मेढ्याजवळ, १९११ साली एका तरुण मराठी शिक्षकाला जे दिसले, त्याने जगातील प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष सह्याद्रीकडे वळविले. ते शिक्षक म्हणजे शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. समुद्रकाठच्या मुलाला जेलीफिश नवा नव्हे. ओहोटीनंतर वाळूवर पडलेला तो पारदर्शक, थलथलीत गोळा कोकणात सर्वांच्या परिचयाचा असतो. नावात 'फिश' असले तरी तो मासा नव्हे. त्याला पाठीचा कणा नाही, मेंदूही नाही. परंतु तो समुद्राचा जीव, हीच सर्वांची समजूत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असता आघारकर सुट्ट्यांमध्ये सह्याद्रीत हिंडत व वनस्पती आणि प्राणी गोळा करीत. उन्हाळ्यात डोंगरी नद्यांची धार आटते आणि पात्रात केवळ शांत डोह उरतात. अशाच डोहांत त्यांना नाण्याएवढ्या, काचेसारख्या छत्र्या उघडझाप करीत तरंगताना आढळल्या. समुद्र तेथून दूर. मध्ये सह्याद्रीची भिंत!

त्यांनी हे नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमकडे पाठविले. तेथील अधीक्षक नेल्सन अॅनंडेल यांनी त्यांचे वर्णन करून जातीला 'लिम्नोक्निडा इंडिका' हे नाव दिले. या वंशातील प्राणी तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते. तेथील टांगानिका सरोवरात जेलीफिश सापडला, तेव्हा ते सरोवर एके काळी समुद्राचाच फाटा असावे, असेही काही विद्वानांनी म्हटले होते. मग आफ्रिकेतील हा जीव साताऱ्यात कसा? भूखंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडली ती १९१२ सालीच. एका जेलीफिशवरून खंडांचा इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. पण प्रश्न मोठा होता आणि तो एका आटत्या डोहातून निघाला होता. आघारकर तेथेच थांबले नाहीत. फ्रेडरिक ग्रेव्हली यांच्यासह त्यांनी या प्राण्याच्या सवयी व आढळ यांविषयी टिपणे प्रसिद्ध केली.

पुढे त्यांनी वनस्पतिशास्त्राची वाट धरली. कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदावर त्यांची निवड झाली आणि १९१४ साली ते अभ्यासासाठी जर्मनीस गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले! ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते तेथे स्थानबद्ध झाले. परक्या देशात, शत्रुपक्षाचे म्हणून अडकलेल्या या माणसाने धीर सोडला नाही. बर्लिनला अॅडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार कसा होतो, हा त्यांचा विषय. म्हणजे प्रश्न जवळजवळ तोच : हा जीव येथवर आला कसा?

परतल्यावर त्यांनी कलकत्त्यास १९४६ पर्यंत अध्यापन केले. त्याच साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली व आघारकर तिचे पहिले संचालक झाले. विश्रांतीच्या वयात एक संस्था शून्यातून उभारण्याचे काम त्यांनी २ सप्टेंबर १९६० रोजी झालेल्या निधनापर्यंत केले. १९९२ साली या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आणि ती छत्री? वाघ-हत्तींसाठी अभयारण्ये होतात. डोहातील नाण्याएवढ्या जीवासाठी कोणी कुंपण घालीत नाही. त्याला हवे असते ते उन्हाळाभर टिकणारे स्वच्छ, संथ पाणी. आघारकरांच्या पश्चात वेण्णेवर कण्हेरचे धरण झाले, कोयनेवरही झाले. वाळूचा उपसा आणि गावांचे सांडपाणी सह्याद्रीच्या नद्यांना ठाऊक झाले. एखाद्या एप्रिलमध्ये साताऱ्याकडे जाणे झाले, तर आटलेल्या नदीच्या डोहाशी थोडा वेळ बसून पाण्यात निरखून पाहावे. सकाळच्या तिरप्या उन्हात काचेच्या छत्र्या लवकर दिसतात.