डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम: फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि त्यानंतरचे आयुष्य

फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ऑपरेशन ठरले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पेशंट किती वर्षे काढेल? हे ऑपरेशन यशस्वी करून दाखवणाऱ्या डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांच्या आयुष्यातून या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

ग्रॅहम यांचा जन्म 1883 साली शिकागोत झाला. वडीलही सर्जन होते. 1918 च्या साथीत छातीत पू झालेले अनेक सैनिक ऑपरेशननंतर दगावत होते. घाईने छाती उघडल्यास फुफ्फुस दबते आणि श्वास कोंडतो, हे ग्रॅहम यांच्या पथकाने दाखवले. उपचाराची पद्धत बदलली आणि मृत्यू खूप कमी झाले. 1919 मध्ये ते सेंट लुईसला शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले.

5 एप्रिल 1933 रोजी त्यांनी जेम्स गिलमोर या 48 वर्षांच्या डॉक्टरवर ऑपरेशन केले. ठरवले होते फक्त एक भाग काढायचे. पण गाठ मुख्य श्वासनलिकेजवळ निघाली. तेव्हा त्यांनी डावे फुफ्फुस पूर्ण काढले. कॅन्सरसाठी एकाच ऑपरेशनमध्ये पूर्ण फुफ्फुस काढून रुग्ण वाचल्याचे हे पहिले उदाहरण. गिलमोर पुन्हा दवाखान्यात बसू लागले आणि 30 वर्षे जगले. 1963 साली ते गेले, तेही कॅन्सरने नव्हे.

ऑपरेशननंतरचे आयुष्य कशावर ठरते?

- टप्पा: सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या टप्प्यात ऑपरेशन झालेल्या दहांपैकी साधारण सात ते नऊ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. छातीच्या मधल्या गाठींपर्यंत आजार गेला असेल तर हे प्रमाण बरेच घटते.
- गाठ पूर्ण निघणे: कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या तर आजार परत येण्याची शक्यता वाढते.
- पेशींचा प्रकार: काही प्रकार फार लवकर पसरतात, त्यांत ऑपरेशन क्वचितच करता येते.
- रुग्णाची ताकद: उरलेल्या फुफ्फुसाची क्षमता, हृदय, शुगर, वजन आणि चालण्याची सवय.
- तंबाखू: निदानानंतर सोडली तरी फायदा होतोच.

या शेवटच्या मुद्द्याने ग्रॅहम यांचे आयुष्य बदलले. ते स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत. सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे त्यांना आधी पटत नव्हते. अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याने रुग्णांची माहिती गोळा केली आणि 1950 मध्ये दोघांचा लेख आला. 684 रुग्णांच्या त्या अभ्यासात बहुतेक पुरुष वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढणारे होते. ग्रॅहम यांनी पुरावा मानला आणि सिगारेट सोडली.

पण उशीर झाला होता. 1957 च्या सुरुवातीला त्यांच्याच दोन्ही फुफ्फुसांत कॅन्सर सापडला. तो लवकर पसरणारा प्रकार होता, ऑपरेशन शक्य नव्हते. 4 मार्च 1957 रोजी ते गेले. त्यांचा रुग्ण त्यांच्यानंतर सहा वर्षे जगला.

आपण काय करावे?

आमच्या मुरुड भागात बिडी ओढणारे खूप. बिडीही सिगारेटइतकीच घातक आहे. तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त किंवा वजन घटणे दिसले तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीचे औषध घेऊनही फरक नसेल तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. इथे टीबी समजण्यातच अनेकांचे महिने जातात आणि टप्पा पुढे सरकतो. लातूर किंवा बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाण्यासाठी त्रास वाढण्याची वाट पाहू नका.

ऑपरेशन झाले असेल तर श्वासाचे व्यायाम आणि रोजचे चालणे चालू ठेवा. बरे वाटते म्हणून तपासणी चुकवू नका; पहिली दोन-तीन वर्षे साधारण सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाला एकदा सीटी लागतो. घरात कोणीच बिडी पेटवू नये. आपल्या रुग्णाचा नेमका टप्पा कोणता, हे मात्र ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.