न पुसलेल्या सुरकुत्या : ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन

१८६३ चा डिसेंबर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर, फ्रेशवॉटर या गावी राहणाऱ्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना त्यांची कन्या आणि जावई यांनी एक लाकडी कॅमेरा भेट दिला. पती कॉफीच्या मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेले होते, मुलेही मोठी झाली होती. एकटेपणात आईचे मन रमावे, एवढाच त्या भेटीमागील हेतू. ज्यूलियाबाईंचे वय तेव्हा ४८ वर्षांचे होते. या विरंगुळ्यातून पुढे व्यक्तिचित्रणाच्या कलेला नवे वळण मिळेल, अशी कल्पना तेव्हा कोणालाही नसावी.

त्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात झाला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, तर आईचे घराणे फ्रेंच. शिक्षण बहुतांशी फ्रान्समध्ये आजीपाशी झाले. प्रकृतीस उतार पडावा म्हणून १८३६ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेतील केप येथे गेल्या असता दोन व्यक्तींशी त्यांचा परिचय झाला. एक चार्ल्स हे कॅमेरॉन; हे कायदेपंडित १८३८ मध्ये त्यांचे पती झाले. दुसरे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. काचेवर वा कागदावर उमटलेली प्रतिमा हायपोच्या द्रावणाने कायम करता येते, हे छायाचित्रकारांना दाखवून देणारे हेच हर्शेल. कॅमेरा हाती येण्याच्या वीसेक वर्षे आधीच त्यांनी या नव्या विद्येची वार्ता आणि काही नमुने ज्यूलियाबाईंना कलकत्त्यास धाडले होते. १८४८ मध्ये कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडला परतले आणि १८६० मध्ये कवी टेनिसन यांच्या शेजारी फ्रेशवॉटरला स्थायिक झाले.

कॅमेरा आल्यावर कोळशाच्या खोलीची अंधारी खोली झाली आणि कोंबड्यांच्या काचबंद खुराड्याचा स्टुडिओ. त्या काळची ओल्या काचेची पद्धत मोठी कष्टाची होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर समप्रमाणात ओतायचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर सुकण्याच्या आत चित्र घेऊन ते धुऊनही काढायचे. त्या रसायनांनी बोटे काळी पडत. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या लहान मुलीचे चित्र मनासारखे उतरले आणि त्यांनी तेच आपले पहिले यश मानले.

त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्यावर जामँ या फ्रेंच कारागिराचे, १२ इंच नाभीय अंतराचे भिंग होते. हा पेट्झव्हाल घडणीचा प्रकार होता. अशी भिंगे भरपूर प्रकाश आत घेत, म्हणून व्यक्तिचित्रांसाठी ती पसंत केली जात. परंतु मध्यभागी रेखीव आणि कडांकडे धूसर, असा त्यांचा स्वभाव. त्यातच ११ बाय ९ इंचांची मोठी काच आणि अगदी जवळून घेतलेला चेहरा. अशा वेळी फोकसचा पट्टा इतका अरुंद होतो की डोळा स्पष्ट आला तर कान आणि केस धूसर होतात. व्यावसायिक छायाचित्रकार अशा प्रसंगी माणसाला दूर बसवत आणि पायापासून डोक्यापर्यंत सारे रेखीव आणत. ज्यूलियाबाई मात्र भिंग फिरवता फिरवता चित्र डोळ्यांना सुंदर भासले की तेथेच थांबत.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या वर्तुळात यावर टीकेची झोड उठली. या बाईंना फोकस साधत नाही, काचेवरचे डाग आणि बोटांचे ठसेही त्या तसेच ठेवतात, असा आक्षेप होता. चित्रकार वॉट्स यांच्यासारख्या कलावंतांनी त्यांची पाठराखण केली, आणि १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. तरीही मूळ प्रश्न उरलाच : ही धूसरता निवड होती की असमर्थता?

त्याचे उत्तर १८६६ मध्ये मिळाले. त्यांनी १५ बाय १२ इंचांच्या काचेचा मोठा कॅमेरा घेतला आणि त्यावर डालमायर यांचे नवे, ३० इंच नाभीय अंतराचे रॅपिड रेक्टिलिनिअर भिंग बसवले. हे भिंग पहिल्यापेक्षा कितीतरी निर्दोष होते. छिद्र लहान केले की सर्वत्र रेखीव प्रतिमा देण्याची त्याची क्षमता होती. शिवाय लांब नाभीय अंतरामुळे चेहरा काचेवर जवळपास खऱ्या आकाराचा उतरे आणि तरीही कॅमेरा नाकासमोर आणावा लागत नसे. फार जवळून टिपलेल्या चेहऱ्यात नाक फुगते आणि कान मागे पळतात. तो दोष येथे टळला. चेहऱ्याची ठेवण आता अधिक खरी आली, मृदुता मात्र त्यांनी सोडली नाही. पहिल्या भिंगाने जे लादले असे वाटत होते, ते दुसऱ्या भिंगावर त्यांनी स्वतः होऊन राखले.

एप्रिल १८६७ मध्ये त्या केंट परगण्यात हर्शेल यांच्या घरी कॅमेरा घेऊन गेल्या. ज्यांनी ही विद्या प्रथम सांगितली, ते आता ७५ वर्षांचे झाले होते. त्यांचे पांढरे केस ज्यूलियाबाईंनी धुवायला लावून विस्कटले, असे सांगतात. खांद्यांवर गडद वस्त्र, मागे काळोख आणि एका बाजूने येणारा उजेड. प्रकाशन कित्येक मिनिटांचे. इतका वेळ कोणीही पुतळ्यासारखे बसू शकत नाही. श्वासाची हालचालही त्या चित्रात मिसळली आहे. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या घड्या आणि थकलेली, ओलसर नजर असे सारे त्यात आहे.

त्या काळी व्यावसायिक स्टुडिओंत काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवण्याची रीत रूढ होत होती. ज्यूलियाबाईंनी तो मार्ग नाकारला. टेनिसन, कार्लाइल, १८६८ च्या उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला आलेले डार्विन, यांपैकी कोणाचेही वय त्यांनी पुसले नाही. याचा अर्थ त्या काचेला हातच लावत नसत असा नव्हे. कधी त्या टोकदार वस्तूने थर खरवडत, दोन काचा जोडून एक चित्र छापत, तडा गेलेल्या काचेवरूनही प्रत काढत. मात्र प्रत्येक दोष त्यांना प्रिय होता, असेही नव्हते. १८६९ मध्ये अनेक मौल्यवान काचांवरील थराला भेगा पडू लागल्या, तेव्हा व्यथित होऊन त्यांनी उपायासाठी त्याच फोटोग्राफिक सोसायटीचा सल्ला मागितला.

सिलोनच्या मळ्यांचे उत्पन्न आटत चालले होते. चित्रांच्या विक्रीतून घरखर्चास हातभार लागावा, ही आशा पुरती फळली नाही. १८७३ मध्ये कॅमेरा भेट देणाऱ्या कन्येचे निधन झाले. १८७५ मध्ये पतिपत्नी सिलोनला गेली. तेथे त्यांनी मळ्यातील मजुरांची आणि चित्रकार मेरियन नॉर्थ यांची मोजकी चित्रे घेतली. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या भाचीची कन्या व्हर्जिनिया वुल्फ यांनी रॉजर फ्राय यांच्यासह १९२६ मध्ये त्यांच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. आज भ्रमणध्वनीवर एका स्पर्शाने पार्श्वभूमी धूसर होते आणि दुसऱ्या स्पर्शाने चेहऱ्याच्या रेषा नाहीशा होतात. ज्यूलियाबाईंनी यांपैकी पहिली गोष्ट अपार कष्टाने साधली. दुसरी त्यांनी कधी केली नाही. म्हणूनच हर्शेल यांच्या त्या चित्रात केसांची टोके काळोखात विरून जातात, पण कपाळावरची एकही आठी हरवलेली नाही.