भावाच्या गादीवर

२ नोव्हेंबर १९६४ रोजी सौदी अरेबियाचे राजे सौद पदच्युत झाले आणि त्यांचे सावत्र भाऊ फैसल गादीवर आले. अरब जगात तो काळ राजे उलथून पडण्याचा होता. इजिप्तचे फारूक १९५२ साली लष्करी उठावाने गेले, इराकचे तरुण राजे १९५८ साली कुटुंबीयांसह मारले गेले, येमेनच्या इमामाला १९६२ साली त्याच्याच सैन्याने हाकलले. रियाधमध्ये मात्र सत्तांतर घडले ते उलेमांचा फतवा आणि राजपुत्रांचा ठराव यांच्या जोरावर. ज्या देशात लिखित राज्यघटना नव्हती, संसद नव्हती, राजाला जाब विचारण्याची कोणतीही सनदशीर सोय नव्हती, तेथे हे कसे साधले, याचे उत्तर फैसल यांच्या चरित्रात शोधावे लागते.

फैसल यांचा जन्म १९०६ साली रियाधमध्ये झाला. चारच वर्षांपूर्वी, १९०२ मध्ये, त्यांचे वडील अब्दुल अझीझ यांनी मूठभर साथीदारांनिशी हे शहर रशीद घराण्याकडून परत जिंकले होते. आई तर्फा ही शेख मुहम्मद इब्न अब्द अल-वहाब यांच्या घराण्यातली. अठराव्या शतकात या धर्मसुधारकाने सौद घराण्याशी जो करार केला, त्यातून तलवार एका घराकडे आणि धर्मशास्त्र दुसऱ्या घराकडे अशी विभागणी झाली होती. फैसल यांच्या अंगात दोन्ही घरांचे रक्त होते. आई लहानपणीच वारली, त्यामुळे मुलगा वाढला तो आजोबांच्या, म्हणजे नज्दमधील सर्वांत मानाच्या धर्मपंडिताच्या घरी. या आजोळची पुण्याई पुढे अत्यंत निर्णायक क्षणी कामी आली.

तेराव्या वर्षी मुलाला जग पाहावे लागले. १९१९ साली ब्रिटिश सरकारने अब्दुल अझीझ यांना लंडनभेटीचे निमंत्रण दिले. थोरला मुलगा तुर्की त्याच सुमाराच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावलेला. वडिलांनी फैसलला धाडले. वाळवंटातून निघालेला हा पोरगा बहारीनहून मुंबईला आला आणि तेथून बोटीने विलायतेला गेला. पंचम जॉर्ज यांची भेट झाली, फ्रान्समधील महायुद्धाची उद्ध्वस्त रणभूमीही त्याने पाहिली. त्यानंतर फैसल म्हणजे घराण्याचा परदेशांतला चेहरा, हे समीकरणच झाले. हिजाझ जिंकल्यावर १९२६ मध्ये मक्का-मदिनेचा तो प्रांत वडिलांनी त्यांच्या हाती दिला. १९३० मध्ये परराष्ट्र खाते दिले. मधला थोडा काळ सोडला तर हे खाते त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. १९३४ च्या येमेन मोहिमेत होदेदा बंदर घेणाऱ्या फौजेचे नेतृत्व त्यांचे होते आणि १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेसाठी गेलेल्या शिष्टमंडळाचेही. दोनच वर्षांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव मंजूर झाला. अमेरिकेने आपल्याला फसवले, ही तेव्हाची भावना त्यांनी आयुष्यभर जपली.

अब्दुल अझीझ यांच्यामागे गादी कोणाची, हा प्रश्न सोपा नव्हता. टोळ्यांच्या परंपरेत थोरल्या मुलाचा हक्क असा काही नियम नसतो. जो कर्तबगार आणि ज्याला इतरांनी निष्ठेची शपथ द्यावी तो प्रमुख. राजांना अनेक राण्यांपासून झालेले तीसहून अधिक मुलगे होते, शिवाय भाऊ आणि पुतणेही होते. गादी भावांच्या शाखेत जाऊ नये म्हणून १९३३ साली त्यांनी हयात मुलांतले थोरले सौद यांना युवराज नेमले. सौद यांच्याविषयी पुढे बरेच वाईट लिहिले गेले, म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. १९३५ मध्ये मक्केच्या मशिदीत अब्दुल अझीझ यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला, तेव्हा वडिलांच्या अंगावर झेप घेऊन वार झेलणारे सौदच होते. दिलदार, गोष्टीवेल्हाळ, टोळीवाल्यांत रमणारा हा माणूस. फैसल त्याच्या अगदी उलट: कृश, मितभाषी, चेहऱ्यावर कायम एक आंबट उदासी. अब्दुल अझीझ यांनी दोघांकडून एकोप्याने राहण्याचे वचन घेतले आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये तायफ येथे डोळे मिटले. सौद राजे झाले, फैसल युवराज.

त्यापूर्वीच वाळूखालून पैसा वाहू लागला होता. १९३३ मध्ये अमेरिकन कंपनीला तेलाचा परवाना मिळाला, १९३८ मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला विपुल तेल लागले आणि १९५० पासून अरामकोचा नफा सरकारशी निम्मानिम्म वाटला जाऊ लागला. पण राजाचा खिसा आणि राज्याची तिजोरी यांत भेद करण्याची रीतच नव्हती. सौद यांच्या हातून पैसा पाण्यासारखा गेला. रियाधचा नासिरिया राजवाडा, टोळीप्रमुखांना उदार नजराणे, वाढत्या परिवाराचे तनखे. तेल निघत असूनही देश कर्जात बुडाला आणि रियालची पत ढासळली. भावांना सलत होती ती आणखी एक गोष्ट. पन्नासहून अधिक मुलांचे हे पिता आपल्या पोरांना मोक्याच्या जागी बसवू लागले होते. आज शाही रक्षक दल मुलाकडे, उद्या गादीच मुलाकडे, अशी शंका राजपुत्रांना येणे स्वाभाविक होते. खरी ठिणगी तिथे होती. उधळपट्टी हे निमित्त अधिक.

१९५८ च्या मार्चमध्ये सीरियातून एक स्फोटक आरोप झाला: नासर यांचा काटा काढण्यासाठी सौद यांनी सुमारे १९ लाख पौंडांचे धनादेश पाठवले. नासर तेव्हा अरबांच्या गळ्यातले ताईत होते. अब्रू गेली आणि घराण्याने राजाला सारे कार्यकारी अधिकार फैसल यांच्या स्वाधीन करायला लावले. फैसल यांनी पहिले काम केले ते हिशेब लिहिण्याचे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून आलेले अन्वर अली हे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ चलन संस्थेचे प्रमुख झाले, तनखे कापले गेले, मोटारींच्या आयातीवर बंधने आली. दोन वर्षांत अंदाजपत्रक ताळ्यावर आले. मात्र कंत्राटदार, व्यापारी आणि टोळीप्रमुख सगळेच नाराज झाले. ही नाराजी सौद यांनी हेरली. डिसेंबर १९६० मध्ये त्यांनी अंदाजपत्रकावर सही करण्याचे नाकारले आणि फैसल बाजूला झाले. आश्चर्य असे की जुन्या वळणाच्या सौद यांनी तेव्हा हात धरला तो राज्यघटना मागणाऱ्या तरुण राजपुत्रांचा. त्यांचे म्होरके तलाल अर्थमंत्री झाले. पण ही सोयरीक वर्षभरही टिकली नाही. घटनेचा मसुदा बासनात गेला आणि तलाल अखेर कैरोला जाऊन बसले.

फैसल यांनी या काळात काय केले? काहीच नाही, असे म्हटले तरी चालेल. त्यांनी टोळ्या उठवल्या नाहीत, सैन्याला हात घातला नाही. वडिलांना दिलेल्या वचनाचे ओझे होतेच, पण गणितही होते. ज्या घराण्याच्या मागच्या शतकातल्या राज्याचा भाऊबंदकीने सत्यानाश केला, त्या घराण्यात बळाने घेतलेली गादी बळानेच जाते, हे आजोळी इतिहास ऐकत वाढलेल्या माणसाला ठाऊक असणार. ते थांबले.

सप्टेंबर १९६२ मध्ये येमेनमध्ये क्रांती झाली आणि पाठोपाठ नासर यांची फौज तेथे उतरली. काही सौदी वैमानिक विमानांसह इजिप्तला जाऊन मिळाले. फैसल तेव्हा अमेरिकेत होते. केनेडी यांची भेट घेऊन ते परतले ते पंतप्रधान म्हणूनच. नोव्हेंबरमध्ये त्यांनी दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला आणि गुलामगिरी कायद्याने बंद केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे करावे लागले, ही गोष्ट त्या समाजाविषयी पुरेसे सांगून जाते. मंत्रिमंडळ मात्र त्यांनी फार विचाराने बांधले. संरक्षण सुलतान यांच्याकडे, गृहखाते फहद यांच्याकडे, टोळीवाल्यांचे राष्ट्रीय रक्षक दल अब्दुल्ला यांच्याकडे, रियाधचे राज्यपालपद सलमान यांच्याकडे. सारे भाऊ. यातले तिघे पुढे राजे झाले आणि सुलतान युवराज.

१९६३ च्या अखेरीस उपचारांनंतर सौद यांनी आपले अधिकार परत मागितले. नासिरिया राजवाड्याभोवती शाही रक्षकांच्या तोफा लागल्या. दुसऱ्या बाजूला अब्दुल्ला यांचे दल सज्ज झाले. शहराने श्वास रोखून धरला होता. या पेचात फैसल यांनी तलवारीऐवजी आजोळ कामाला लावले. मार्च १९६४ च्या शेवटी उलेमांनी फतवा काढला की सौद राजे राहतील, पण कारभार फैसल यांचा. राजपुत्रांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. सौद नमले नाहीत. सत्ता मागतच राहिले. अखेर उलेमा आणि राजपरिवार नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकत्र आले आणि या खेपेस गादीच काढून घेतली. सौद जानेवारी १९६५ मध्ये देशाबाहेर पडले. पुढे काही काळ ते नासर यांच्या आश्रयालाही गेले, ज्यांना मारण्याच्या कटाचा आरोप त्यांच्यावर होता त्याच नासर यांच्या! १९६९ च्या फेब्रुवारीत अथेन्समध्ये त्यांचे निधन झाले.

भाऊ भावाच्या गादीवर बसला की पुढे मुलाचा नंबर लावतो, हा जगभरचा अनुभव. फैसल यांचे मुलगे प्रिन्स्टन, जॉर्जटाऊनसारख्या विद्यापीठांत शिकलेले होते. तरीही त्यांनी त्यांना वारसाच्या रांगेपासून दूर ठेवले. वयाने पुढचा भाऊ मुहम्मद तापट म्हणून प्रसिद्ध. त्याने हक्क सोडला आणि मार्च १९६५ मध्ये सौम्य स्वभावाचे खालिद युवराज झाले. १९६७ मध्ये फहद यांना दुसरे उपपंतप्रधान करून खालिद यांच्यामागचे नावही सूचित झाले. भावामागून भाऊ ही वाट अशी पक्की झाली आणि अर्धे शतक चालली: खालिद, फहद, अब्दुल्ला, सलमान. जून २०१७ मध्ये सलमान यांनी पुतण्याला दूर करून आपल्या मुलाला युवराज केले, तेव्हा ती संपली. सौद यांना जे साधले नाही, ते सलमान यांनी करून दाखवले. आणि १९६४ साली सौद यांना गादीवरून उतरवणाऱ्या भावांच्या गोटातच सलमान होते.

राजा म्हणून फैसल यांना सुधारक म्हणावे की सनातनी? दोन्ही विशेषणे अपुरी पडतात. पत्नी इफ्फत यांच्या पुढाकाराने जेद्दात मुलींची शाळा उभी राहिली होती. १९६० पासून सरकारी कन्याशाळा निघाल्या. बुरैदा गावच्या लोकांनी विरोध केला, तेव्हा शाळा उघडी राहील, कोणाला मुली पाठवायच्या नसतील तर त्यांनी पाठवू नयेत, असा मध्यम मार्ग त्यांनी काढला. पण दहा कलमांत कबूल केलेला मूलभूत कायदा त्यांच्या हयातीत आलाच नाही. तो आला १९९२ मध्ये. १९६९ मध्ये कटाच्या संशयावरून हवाई दलाचे कित्येक अधिकारी तुरुंगात गेले. साम्यवाद आणि झिओनिझम हे एकाच कारस्थानाचे दोन हात आहेत, असे हा एरवी विवेकी माणूस मनापासून मानी आणि पाहुण्यांना ज्यूविरोधी बनावट पुस्तिका भेट देई. हा डाग झाकण्याचे कारण नाही.

भारताच्या वाट्यालाही त्यांच्या राजकारणाचे चटके आले. अल-अक्सा मशिदीच्या जाळपोळीनंतर १९६९ मध्ये रबातला इस्लामी शिखर परिषद भरली, तीमागे फैसल यांची प्रेरणा होती. भारताला आधी बोलावून, पाकिस्तानच्या हट्टापुढे नमून, फक्रुद्दीन अली अहमद यांच्या शिष्टमंडळाला दाराबाहेर ठेवण्यात आले. १९७१ च्या युद्धातही रियाधचे माप पाकिस्तानच्या पारड्यात होते. बांगलादेशाला सौदी मान्यता मिळाली ती ऑगस्ट १९७५ मध्ये, मुजीब यांच्या हत्येनंतर.

त्यानंतर आला १९७३ चा ऑक्टोबर. अमेरिकेने इस्रायलला २ अब्ज २० कोटी डॉलरची लष्करी मदत देऊ केली आणि दुसऱ्याच दिवशी फैसल यांनी अमेरिकेचे तेल तोडले. वर्षानुवर्षे तेल आणि राजकारण वेगळे ठेवा असे सांगणारा हा अमेरिकेचा मित्र. त्यानेच हत्यार उगारले. मार्च १९७४ मध्ये तेलबंदी उठली, पण पिंपाचा भाव तोवर सुमारे तीन डॉलरवरून साडेअकरा डॉलरवर गेला होता. दिल्लीत इंधनदरवाढीच्या निषेधार्थ वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले ते याच दिवसांत. मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल लागल्याची बातमी फेब्रुवारी १९७४ मध्ये आली, तेव्हा तिचे इतके कौतुक का झाले, हेही यावरून कळेल. रियाधच्या तिजोरीत मात्र १९७४ या एका वर्षात २२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली.

शेवट घरातूनच आला, तोही एका जुन्या प्रकरणाच्या धाग्याने. १९६५ मध्ये रियाधला दूरचित्रवाणी सुरू होत असताना कडव्यांचा एक जमाव केंद्रावर चालून गेला. त्यात राजांचा पुतण्या खालिद बिन मुसाइद होता. पोलिसांच्या गोळीने तो ठार झाला. राजांनी पोलिसांना शिक्षा केली नाही. त्याचा धाकटा भाऊ, नाव फैसलच, अमेरिकेत शिकून परतला. आईकडून तो अब्दुल अझीझ यांनी बुडवलेल्या रशीद घराण्याचा नातू. २५ मार्च १९७५ रोजी कुवेतचे तेलमंत्री भेटीस आले होते, त्यांच्या लोकांबरोबर तो आत शिरला. पुतण्याचे चुंबन घेण्यासाठी राजांनी मान झुकवली आणि त्याने अगदी जवळून पिस्तूल झाडले. त्याने हे भावाच्या सुडासाठी केले की आणखी कशासाठी, यावर आजवर तर्क होतात. १८ जूनला रियाधच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला.

राजांचा मृत्यू झाला त्याच दिवशी खालिद यांना राजे म्हणून निष्ठेची शपथ दिली गेली आणि फहद युवराज झाले. वाद झाला नाही, वेळही लागला नाही. फैसल यांना दुसऱ्या दिवशी रियाधच्या अल-औद कबरस्तानात पुरले. सहा वर्षांपूर्वी अथेन्सहून आणलेले सौद यांचे शव तिथेच दफन झाले होते. नज्दच्या रिवाजाप्रमाणे तिथल्या कबरींवर नावे नसतात.