थोरांची ओळख : अणूचं गणित सोडवणारे डग्लस हार्ट्री



आज ओळख करून घेऊ या अशा एका शास्त्रज्ञाची, ज्यांना पदवीला पहिला वर्गसुद्धा मिळाला नव्हता.

डग्लस हार्ट्री यांचा जन्म २७ मार्च १८९७ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. वडील विल्यम तिथे अभियांत्रिकी शिकवत. आई ईव्हा पुढे केंब्रिजच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. पहिल्या महायुद्धामुळे शिक्षण मध्येच थांबलं. त्या काळात बापलेकांनी विमानविरोधी तोफांच्या गणितावर एकत्र काम केलं. नंतर पदवी मिळाली ती दुसऱ्या वर्गात. पण त्याच सुमारास नील्स बोर यांचं व्याख्यान ऐकलं आणि अणूचं वेड लागलं.

हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन, म्हणून त्याचं गणित सुटतं. इतर अणूंत अनेक इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, तिथे अचूक उत्तर निघत नाही. हार्ट्री यांनी युक्ती काढली. इलेक्ट्रॉन कसे पसरले असतील याचा आधी अंदाज धरायचा, गणित करायचं, आलेलं उत्तर पुन्हा अंदाज म्हणून वापरायचं. धरलेलं आणि आलेलं जुळेपर्यंत हेच करत राहायचं! १९३० मध्ये रशियाच्या फोक यांनी त्यात सुधारणा केली, म्हणून ही हार्ट्री-फोक पद्धत.

आता गंमत बघा. कार्बनमध्ये २पी कक्षक तीन, पण त्यांत इलेक्ट्रॉन दोनच. आपण ठरावीक दोन भरले, तर त्यांची ऊर्जा रिकाम्या तिसऱ्यापेक्षा वेगळी येते. अणूला मात्र कोणतीच दिशा लाडकी नसते. मग दोन इलेक्ट्रॉन तिन्हींत सारखे वाटले असं मानून सरासरी घेतात, आणि तिघांची ऊर्जा समान राहते. तीन भावंडांत दोन लाडू वाटावेत, तसंच हे!

ही आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर चाले. निवृत्त वडील मुलासोबत बसून ती करत. दोघांनी मिळून शोधनिबंधही लिहिले. १९३४ मध्ये मँचेस्टरला विद्यार्थी आर्थर पोर्टर यांच्यासह हार्ट्री यांनी मुलांच्या मेकॅनो खेळण्याचे भाग जोडून चक्क गणित सोडवणारं यंत्र उभं केलं. १२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचं निधन झालं.

पालकहो, मुलाचं पहिलं उत्तर चुकलं तर रागावू नका. तो अंदाज आहे असं समजा, शेजारी बसा आणि पुन्हा करू या म्हणा. विल्यम हार्ट्री यांनी तेच केलं होतं.