इलेक्ट्रॉन मोजणारे मिलिकन

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, मॉरिसन या गावी २२ मार्च १८६८ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी रॉबर्ट अँड्र्यूज मिलिकन यांचा जन्म झाला. ओबर्लिन महाविद्यालयात ते ग्रीक भाषेत निपुण होते. त्यांच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनीच त्यांना पदार्थविज्ञान शिकविण्यास सांगितले, तेव्हा आपणास तो विषय येत नाही असे त्यांनी स्पष्ट कळविले. परंतु गुरूंनी ते मानले नाही. सुटीत पुस्तके घेऊन बसावे लागले. विद्यार्थ्यांच्या पुढे जेमतेम एक पाऊल असलेल्या या शिक्षकाने पुढे त्याच विषयात कीर्ती मिळवावी, हा योग मोठा गमतीचा!

इ. स. १८९६ मध्ये ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले. इलेक्ट्रॉन तर १८९७ मध्ये सापडला. पण त्यावर विद्युद्भार किती, आणि तो सर्वांवर सारखाच असतो काय, याविषयी वाद होता. मिलिकन प्रथम पाण्याचे थेंब घेत. ते पाहता पाहता वाळून जात. १९०९ मध्ये हार्वे फ्लेचर या विद्यार्थ्यासह त्यांनी तेल घेतले. अत्तराच्या फवाऱ्याने उडविलेले सूक्ष्म थेंब दोन पितळी तबकड्यांमध्ये उतरत आणि दुर्बिणीतून ताऱ्यांसारखे चमकत. थेंब किती वेगाने पडतो यावरून त्याचे वजन कळे. तबकड्यांना वीज जोडताच तो वर चढे, त्या वेगावरून भार कळे. एकेका थेंबावर तासन्‌तास नजर! मध्येच त्याचा वेग बदले, पण ठराविक पायऱ्यांनीच. भार एका लहानशा राशीच्या दुप्पट, पाचपट, सातपट निघे. अडीचपट कधीच नाही. तेल हवे तेवढे मापून घेता येते, नारळ मात्र मोजूनच घ्यावे लागतात. विद्युद्भार हा नारळांच्या जातीचा ठरला. इलेक्ट्रॉन अधिक झाले की थेंब ऋण, उणे झाले की धन. एक कूलंब भार म्हणजे ६२४ या आकड्यापुढे १६ शून्ये, इतके इलेक्ट्रॉन!

१९१३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर आजच्या मूल्याहून शेकडा १ पेक्षाही कमी अंतराने उणे होते. हवेच्या विरोधाचा आकडा किंचित चुकीचा घेतला गेला होता. १९२३ मध्ये या कार्यासाठी आणि प्रकाशविद्युत परिणामावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९ डिसेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

१९१० च्या निबंधावर मात्र एकट्या मिलिकन यांचे नाव होते. दुसऱ्या एका निबंधावर एकट्या फ्लेचर यांचे नाव राहील, अशी वाटणी गुरूंनीच सुचविली होती. आमच्या मते ती न्याय्य नव्हती. फ्लेचर यांनी गुरूंशी स्नेह जन्मभर राखला, आणि ही हकीकत लिहून ठेवली ती आपल्या मृत्यूनंतर प्रसिद्ध व्हावी म्हणून. ती १९८२ मध्ये छापली गेली.